विहाराच्या कड्यावरची पहार

मी एक पहार बोलतेय. साडेचार फूट लांब, एका टोकाला चपटी, दुसऱ्या टोकाला अणकुचीदार. सध्या पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत, चोरीच्या मोटारसायकलींमागे भिंतीला टेकून उभी आहे.

उदगीरच्या वीरण्णा लोहारानं मोडीत निघालेल्या ट्रकच्या एक्सलपासून मला घडवलं. घेणाऱ्या आनंदराजनं त्याला सांगितलं होतं, जड झाली तरी चालेल, वाकायला नको.

उदगीरहून देगलूरकडे जाताना आत एक जांभ्या दगडाचा कडा आहे. कड्याच्या मध्यावर जुना बौद्ध विहार कोरलेला आहे. पाच खोल्या आणि एक बसलेली बुद्धमूर्ती. आनंदराज आणि त्याची बायको महामाया बाहेरगावच्या लोकांना तिथं घेऊन जायचे.

शेवटचे तीस हात चढ सरळ उभा. आनंदराज मला पाठीला बांधून आधी चढायचा, विहाराच्या दारातल्या भोकात ठोकून बसवायचा आणि माझ्याभोवती दोर बांधून खाली सोडायचा. त्या दोराला धरून माणसं वर यायची. महामाया सगळ्यांच्या मागं. चढताना माणसं फार बोलतात. वर आली की मूर्तीसमोर गप्प होतात. एक निवृत्त मास्तर तर वर पोचल्यावर मूर्तीआधी मलाच नमस्कार करून गेले.

गेल्या फेब्रुवारीत दोन पाहुणे आले. एक ठेंगणा, टोपी घातलेला. दुसरा उंच. लेण्यांचा अभ्यास करतोय, म्हणाले. महामायानं वाटेत त्यांना आपल्या फडक्यातली भाकरी आणि ठेचा दिला. खाताना टोपीवाल्यानं तीनदा एकच विचारलं, मूर्तीच्या खाली पोकळ आहे का? आनंदराजला वाटलं, अभ्यासाची माणसं असंच विचारत असतील.

चौघं वर पोचले. टोपीवाल्यानं दोराची गाठ सोडली, मला भोकातून उपसलं आणि मूर्तीच्या बैठकीखाली माझं टोक घुसवलं. तिथं गुप्तधन आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आनंदराज आडवा आला. मूर्तीला हात लावायचा नाही, म्हणाला. टोपीवाल्यानं मला आडवं फिरवलं आणि आनंदराजची नडगी मोडली. त्याच्या घामाची मला सवय होती. त्याचं हाड मला त्या दिवशी लागलं.

उंच माणसानं महामायाच्या गळ्याशी चाकू धरला. टोपीवाला खणत राहिला. बैठक फुटली, आतून नुसता मुरूम निघाला. त्यानं आणखी खणलं. पुन्हा मुरूम. मग त्या रागात त्यानं मला मूर्तीच्या तोंडावर घातलं. एकदा, दोनदा, किती ते मी मोजलं नाही. हनुवटी तुटून महामायाच्या पायाशी येऊन पडली.

तिनं हातानं चाकूचं पातंच धरलं आणि बाजूला सारलं. तळहात फाटला. टोपीवाला मला टेकवून दम खात होता, तोवर तिनं मला हिसकावलं आणि त्याच्या हातावर घातलं. कोपराखाली हाड मोडलं. तो आवाज आणि आनंदराजच्या नडगीचा आवाज, मला तरी सारखेच वाटले.

तो खाली कोसळला. तिनं मला पुन्हा उचललं, डोक्याच्या वर. ती मारणारच होती. मी तिच्या मुठीत होते, मला ठाऊक आहे.

आनंदराज जमिनीवरूनच म्हणाला, "महामाया, बास. त्यालाबी खाली न्यायचं हाय."

मग तिनं मला खाली घेतलं. उंच माणूस चाकू घेऊन पुढं सरकला, तशी ती कड्याच्या टोकाशी गेली आणि मला बाहेर धरलं.

"चाकू फेक. न्हाईतर हिला सोडते. मग दोर कशाला बांधतोस ते बघ."

त्यानं खाली पाहिलं आणि चाकू फेकला.

तिनं मला भोकात ठोकून दोर बांधला. उंच माणूस आधी उतरला आणि मागं न बघता पळाला. खाली शेळ्या राखणाऱ्या केवळाबाईनं त्याला पाहिलं आणि वस्तीवरून माणसं आणली. महामायानं दोराचे दोन वेढे माझ्याभोवती घेऊन नवऱ्याला हळूहळू खाली सोडलं. मग वर ओढलेल्या त्याच दोरात टोपीवाल्याला बांधलं. रक्तानं दोर निसटत होता. पदर तळहाताला गुंडाळून ती दोर सोडत राहिली. तिनं त्याला आपटू दिलं नाही.

उंच माणूस उदगीर स्टेशनवर सापडला. टोपीवाल्यानं दवाखान्यातून तक्रार दिली, की या बाईनं त्याला जिवे मारायचा प्रयत्न केला. तेव्हापासून माझ्यावर दोन गुन्ह्यांचे नंबर आहेत. आनंदराज आता काठीनं चालतो, कड्यापर्यंत येत नाही.

ओळख पटवायला महामायाला ठाण्यात बोलावलं होतं. हीच का, जमादारानं विचारलं.

"हाव, हीच."

तुम्ही मारलं का?

"मारलं. अजून मारणार होते."

जमादारानं पहिलं लिहून घेतलं, मग दुसरंही. थांबलात का, हे त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

उद्या कोर्टात माझी लांबी मोजतील, वजन करतील, डाग दाखवतील. मला तिथं बोलता येणार नाही, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. ती मला दुसऱ्यांदा डोक्यावर घेऊन उभी होती, तेव्हा खाली तो माणूस तोंड झाकून पडला होता. तिनं मला त्याच्या बाजूला, दगडावर टेकवलं. हे तेवढं कुणीतरी लिहून घ्या.