माझी तीन चाकं चांगदेवच्या गोठ्यात

मी बस बोलतेय. कधीकाळी एका शाळेची होते, आता सोजरबाईंची आहे. अंगाचा पिवळा रंग अजून टिकून आहे. बाजूच्या पत्र्यावरचं शाळेचं नाव मात्र खरवडून काढलं, तिथं पुसट वळ उरलेत.

आधीच सांगते, माझा स्वभाव संशयी आहे. आम्हा शाळेच्या गाड्यांना तो नोकरीत लागतो. शिक्रापूरच्या चौकातून मी रोज पोरं भरून निघायची. समोर कंटेनर, मागं ट्रक, मध्येच कुणीतरी मोटारसायकल घुसवणार. माझे ड्रायव्हर ज्ञानूमामा आरशात बघितल्याशिवाय शिंकतसुद्धा नसत. शेवटचं पोरगं उतरलं की ते स्वतः मागपर्यंत जाऊन प्रत्येक सीटखाली वाकून बघायचे. "रिकामी दिसती म्हंजी रिकामी असती असं न्हाई," असं पुटपुटायचे. हे ऐकत ऐकत मी म्हातारी झाले. जे दिसतं ते तसंच असेल, यावरचा माझा विश्वास तिथंच उडाला.

मग माझं वय झालं. फिटनेसचा दाखला मिळेना. ज्ञानूमामांनी मला शिरूरच्या एका भंगारवाल्याच्या आवारात नेऊन उभं केलं, किल्ली दिली आणि मागं न बघता निघून गेले. मला तेव्हा राग आला होता. पण आवाराच्या फाटकाबाहेर ते बराच वेळ नुसते उभे होते, हेही मी पाहिलं.

भंगारवाल्यानं पहिल्याच आठवड्यात माझं इंजिन काढून विकलं. शेजारी एक टेम्पो होता, त्याला ग्राइंडरनं कापताना मी रोज बघत होते. कुणीही माणूस आवारात शिरला की मला वाटायचं, आला, आता माझा पत्रा मोजणार.

म्हणून त्या दोघी आल्या तेव्हा मी सावधच होते. एक पन्नाशी ओलांडलेल्या बाई, नऊवारी नेसलेल्या, हातात पिशवी. दुसरी त्यांची मुलगी, ड्रेसवर जाड कापडाचा शर्ट, हाताच्या पंजांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे काळे ठिपके. ती माझ्याभोवती फिरली. कलिंगड निवडताना मारावी तशी ठिकठिकाणी टिचकी मारून बघितली.

"आई, सांगाडा चांगला हाय. खालनं गंज न्हाई जास्ती."

"आगं पण सायली, लोक काय म्हणतील? बाई गाडीत राहती?"

"चांगदेवमामानं काय सांगितलंय? रानात पक्कं बांधकाम करायचं न्हाई. ही बांधकाम न्हाई. ही गाडी हाय."

या दोघींच्या बोलण्यातून मला हळूहळू सगळं कळत गेलं. नवरा वारल्यावर सोजरबाई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायच्या, शिक्रापुरात भाड्याच्या खोलीत राहायच्या. खोलीमालकाला आता तिथं मजले चढवायचे होते. जायचं कुठं? दौंड तालुक्यात खुटबावला त्यांचं माहेर. वडलांनी, म्हणजे आबांनी, जाण्याआधी चारचौघांत सांगितलं होतं, रस्त्याकडंचा तुकडा सोजरचा. पण सातबाऱ्यावर नाव एकट्या धाकट्या भावाचं, चांगदेवचं. तो "ये" म्हणाला, पण अडखळत. राहायला हरकत नव्हती, फक्त कायमचं काही उभं करायचं नव्हतं.

मग भंगाराच्या भावात त्यांनी मला घेतलं. सायली शिरूरलाच एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कामाला होती. काम सुटलं की ती माझ्याकडे यायची. ज्या दिवशी तिनं ग्राइंडर सुरू केला, त्या दिवशी मी आशा सोडली. पण तिनं माझा पत्रा कापला नाही. सीटचे बोल्ट तेवढे कापले. सीट काढल्यावर पोटात एवढी मोकळी जागा असेल असं मलाच वाटलं नव्हतं.

मागं, चाकांच्या उंचवट्यावर तिनं पलंग केला, खाली सामान ठेवायला कप्पे. पुढं ज्ञानूमामांच्या जागी ओटा आला. दोन सीट तिनं ठेवल्या, समोरासमोर, मध्ये भिंतीला दुमडणारी फळी. छताला आतून थर्माकोल आणि प्लाय, वरून पांढरा चुना, उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून. टपावर पाण्याची टाकी. खिडक्यांचे गज तसेच राहू दिले. सोजरबाईंनी जुन्या साड्यांचे पडदे शिवले.

एवढं करूनही तिनं चाकं काढली नाहीत. उलट त्यांत हवा भरली.

"ही कशाला ठिवायची?" सोजरबाईंनी विचारलं.

"राहू दे. मामाचा भरवसा न्हाई. उद्या निघा म्हणाला तर?"

मला तेव्हाच कळलं, मी घर झालेली नाही. माझ्यात राहणाऱ्यांनाच माझा मुक्काम किती दिवसांचा ते ठाऊक नव्हतं.

ट्रॅक्टरला बांधून मला न्हावऱ्यावरून नेलं. पारगावच्या पुलावर भीमा ओलांडली. इतकी वर्षं पोरं घेऊन धावले, पण नदीच्या या बाजूला मी कधी आले नव्हते. चौफुल्याला चहाच्या टपरीवरचे लोक उठून बघायला लागले. शाळेची बस, इंजिन नाही, खिडकीला पडदे, आणि आत एक बाई गॅसची शेगडी घट्ट धरून बसलेली.

खुटबावला रस्त्याकडेच्या तुकड्यावर मला उभं केलं. एका अंगाला चांगदेवचा ऊस, मागं त्याची विहीर. तो आला, हात मागं बांधून मला एक चक्कर मारली, चाकांकडे बराच वेळ बघितलं.

"आक्का, हिला चाकं हायती," एवढंच बोलला आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा एक क्रम सुरू झाला. ऊन उतरलं की तो काठी घेऊन यायचा. आत डोकावायचा नाही, हाक मारायचा नाही. माझ्या चाकांपाशी वाकायचा, काहीतरी करायचा आणि निघून जायचा. बांधावर त्याचा शेजारी पोपटराव उभा असायचा. दोघं हळू आवाजात बोलायचे. मला एकदा तुटक ऐकू आलं. "आज इथं हाय, उद्या विहिरीपाशी..." पोपटराव म्हणत होता.

मला नक्की वाटलं, हा टायरमध्ये खिळे ठोकणार. नाहीतर पेटवून देणार. माझ्या आत प्लाय आहे, थर्माकोल आहे, कापूर जळावा तशी जळेन मी.

सोजरबाईंनी एका सकाळी चाकांजवळ वाकून बघितलं आणि त्या मटकन खाली बसल्या. प्रत्येक चाकाला चिकटून एक लाकडी खुंटी ठोकलेली, खुंटीच्या डोक्याला चुना लावलेला.

"सायली! आगं हिकडं ये. करणी केलीय गं ह्यानं."

"करणी-बिरणी काय नसतं आई."

"मग ह्या खुट्या कशाच्या? चुना कशाला? सख्ख्या भनीवर!"

 सोजरबाईंनी सगळ्या खुंट्या उपटल्या, पाण्याच्या बंबात घालून जाळल्या आणि राख लांब नेऊन टाकली.  भावानं जागा दिली नाही तरी चाललं असतं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं वाईट चिंतावं, हे सोसत नव्हतं.

संध्याकाळी चांगदेव आला. खुंट्या नाहीत म्हटल्यावर त्याचा चेहरा काळवंडला. तो तरातरा पोपटरावाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायली कामावर गेली. शिरूरचं काम सोडून तिनं आता चौफुल्याला एका शेडमध्ये काम धरलं होतं. ती गेल्यावर थोड्याच वेळात पोपटरावाचा ट्रॅक्टर माझ्यापुढं येऊन उभा राहिला. चांगदेवच्या खांद्यावर साखळी होती. त्यानं ती माझ्या पुढच्या हुकाला अडकवली.

"आक्का, खाली उतर."

सोजरबाई ओट्याशी भाकरी थापत होत्या. त्यांनी खिडकीतून बघितलं. "का रं?"

"बस रस्त्यावर काढायचीय."

"काढ की. भाकरी तव्यावर हाय, मला उतरता यायचं न्हाई."

"मी चेष्टा करत न्हाई."

"मी तरी कुठं करते? आबा म्हणले हुते, सोजर, तू ह्या तुकड्यावर बस. मी बसले. आता बसल्या जागेवरनं वढत न्यायची तर ने बाबा."

चांगदेव तिथंच उभा राहिला. त्याचा हात साखळीवरच होता. पोपटरावाला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं क्लच सोडला. साखळी ताणली गेली, मला हिसका बसला. आत चहाचं भांडं उलटलं, सोजरबाईंचा तोल गेला आणि त्यांचा तळवा तापल्या तव्यावर टेकला.

त्यांची किंकाळी माझ्या सगळ्या पत्र्यातून फिरली.

"थांब! आरं थांब की पोपटराव! माझी भन हाय आत!"

चांगदेव धावत माझ्या पायऱ्या चढला. मी इथं आल्यापासून पहिल्यांदा. त्यानं बहिणीचा हात धरून बादलीत बुडवला आणि तो तसाच धरून खाली बसला. दोघंही धापा टाकत होते.

"खुट्या का उपटल्यास?" त्यानं विचारलं. आवाज रडवेला होता.

"करणीच्या खुट्या ठिवू व्हय?"

"करणी?" तो बघतच राहिला. "आक्का, खुणा हुत्या त्या. बस सरकती का ते बघत हुतो."

"बस सरकती?"

"पोपटराव म्हणला, चाकाची वस्तू हाय. रोज वीतभर ढकलतील, चार वर्षांत विहीर त्यांच्या हद्दीत. आन् काल खुट्याच गायब. मला वाटलं, सरकवली बघ."

सोजरबाईंना दुखत होतं तरी हसू फुटलं. "इंजान न्हाई तिला. मी आन् सायली मिळून ढकलू व्हय ही?"

"मग चाकं कशाला ठिवलीत? घर म्हणतीस, तर घराला चाकं कशाला?"

"तू हाकललंस तर जायला."

 बादलीतल्या पाण्यात बहिणीचा हात होता, त्याकडे चांगदेव बघत राहिला.

"मी तुला हाकलीन?" तो म्हणाला.

"आत्ता काय करत हुतास?"

बाहेरून पोपटराव ओरडला, "चांगदेव, डिझेल जळतंय रं! वढायची का न्हाई?"

"तू जा घरी," चांगदेव खिडकीतून म्हणाला. "साखळी राहू दे. मी आणून देतो."

ट्रॅक्टर गेला. चांगदेवनं बहिणीला यवतच्या दवाखान्यात नेऊन पट्टी करून आणली. परत आल्यावर करपलेली भाकरी त्यानं गपचूप खाल्ली, नवीन करायला तिला हात नव्हता आणि त्याला येत नव्हती.

संध्याकाळी सायली आली, आईचा हात बघितला आणि मामाला नको नको ते बोलली. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चाकं काढू. जुन्या विहिरीचे घडीव दगड पडलेत, त्याच्यावर हिला नीट बसवू. मला घोर न्हाई, तुम्हाला बी घोर न्हाई."

"आन् काढलेली चाकं?" सायलीनं डोळे बारीक केले. "ती कुणाकडं?"

"माझ्या गोठ्यात राहतील की."

"सगळी? म्हंजी आमचं पाय तुमच्या गोठ्यात?"

यावर तासभर खल झाला. शेवटी ठरलं, सहा चाकांपैकी तीन चांगदेवच्या गोठ्यात आणि तीन माझ्या पोटाखाली. एकट्याला मला हलवता येणार नाही. हलवायचं तर दोघांचं एकमत पाहिजे.

जॅक लावून मला उचललं, तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चाकांवर उभी राहिलेली वस्तू मी. पहिलं चाक निघालं तेव्हा वाटलं, आता हे दोघं एक झाले आणि मी फसले. मग दगड टेकला. एका कोपऱ्याखाली, मग दुसऱ्या. चांगदेव स्वतः मातीत झोपून नळीतल्या पाण्यानं पातळी जुळवत होता. शेवटचा जॅक सुटला आणि माझं वजन जमिनीवर गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी काहीही करत नव्हते. नुसती होते.

आता इथं बरेच दिवस झालेत. दारापाशी तुळस आहे, मागच्या बाजूला दोडक्याचा वेल टपावर चढलाय. सोजरबाई सकाळी चौफुल्याच्या शेडवर डबे देतात. तळव्यावरचा डाग गेला नाही. चांगदेव संध्याकाळी येतो, आता काठी नसते. दोघं समोरासमोरच्या सीटवर बसून चहा पितात, फारसं बोलत नाहीत. सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव आहे. सायलीनं दोनदा विषय काढला, दोनदा तो "बघू" म्हणाला. त्यामुळं माझा संशय पुरता गेलेला नाही.

मागच्या महिन्यात मायलेकी शिक्रापूरला एका लग्नाला गेल्या आणि किल्ली त्याच्याकडे देऊन गेल्या. दुपारी तो आला. माझ्या पोटाखाली शिरला, जिथं ती तीन चाकं आहेत.  नेतो बहुतेक, म्हटलं. तीन गोठ्यातली, तीन ही, म्हणजे सहाही त्याच्याकडे.

त्यानं चाकांना हात लावून बघितला. बाजूनं ऊन येऊन रबर तडकायला लागलं होतं. तो गोठ्यात जाऊन पोती भिजवून घेऊन आला, तिन्ही चाकांवर नीट पांघरली आणि कडांना दगड ठेवले. ज्याला मला घालवायचं आहे, तो असं करेल का? आणि ज्याला मी इथंच हवी आहे, त्याला चाकं जपायची गरज काय? मी खूप विचार केला. मला एवढंच समजतं, की बहिणीला उद्या जावंसं वाटलं तर तिला जाता यावं, असं त्याला वाटत असावं. तिनं जाऊ नये असं वाटत असूनही.

तुमच्या शेजारी कुणी आलं आणि ते का आलं हे कळेना, तर बाहेरून खुंट्या मारत बसू नका. दार वाजवा. आत भाकरी चालू असेल.

मायलेकी परतल्या तेव्हा सोजरबाईंनी विचारलं, "सगळं नीट हाय ना?"

"हाय की," चांगदेव किल्ली देत म्हणाला. "तुळशीला पाणी घातलं तेवढं."

पोत्यांचं तो बोलला नाही. मीही बोलले नाही.