आधी कोणाकडे जाल?

निकाल मोबाइलवर आला तेव्हा मनाली जनरल वॉर्डात एका यंत्रमाग कामगाराच्या पायाचं ड्रेसिंग करत होती. फोन खिशात थरथरला, पण हातात मोजे होते. तिने पट्टी पूर्ण केली, ट्रे धुऊन जागेवर ठेवला, साबणाने हात धुतले आणि मग फोन काढला. नापास. अगदी थोडक्यात हुकलं होतं.

वरच्या मजल्यावर आयसीयूत उन्नतीची ड्युटी होती. ती पास झाली होती. हे मनालीला कोणी सांगावं लागलं नाही, कारण उन्नती जिना जवळजवळ धावतच उतरत होती, आणि मनालीचा चेहरा दिसताच मधल्या पायरीवर थांबली.

"तुझं?"

"नाही झालं."

"पुन्हा देता येते," उन्नती म्हणाली. मनालीने मान हलवली आणि दोघी आपापल्या वॉर्डात परत गेल्या.

जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, दोघी एका वर्गात होत्या आणि आता भिवंडीतल्या एकाच खाजगी हॉस्पिटलात नोकरीला. आखातात नर्स म्हणून काम करायचं तर तिथलं लायसन्स काढावं लागतं आणि त्यासाठी कॉम्प्युटरवर परीक्षा द्यावी लागते. जायचं उन्नतीच्या मनात होतं. मनालीने फॉर्म भरला तो उन्नतीने "चल, दोघी देऊ" म्हटलं म्हणून. नापास झाल्यावर तिला वाईट वाटलं, पण वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. हे तिने कोणाला सांगितलं नाही.

उन्नतीचं घर भिवंडीजवळच्या वळ गावात. भातशेतीच्या जागी आता गोदामं उभी होती, आणि त्यांतली दोन तिच्या वडिलांच्या जमिनीवर. केसरीनाथांना मुलीच्या नोकरीची गरज नव्हती. परीक्षेला त्यांनी होकार दिला तो पोरीची हौस म्हणून. पास होईल असं त्यांनी धरलं नव्हतं.

त्या रविवारी त्यांच्याकडे पेढे वाटले. उन्नतीच्या आईने, कमळकाकींनी, मनालीलाही आवर्जून बोलावलं. न जाणं रुसल्यासारखं दिसलं असतं, म्हणून ती गेली. हॉलमध्ये काका, आत्या, शेजारचे दोघे-तिघे बसले होते. कोणीतरी विचारलं, "मंग पोर चालली का दुबईला?"

केसरीनाथ सोफ्यावर जरा पुढे सरकून बसले. "एकटी पोर परक्या मुलखात मी धाडायचा नाय," ते म्हणाले. "ही मनाली संगती असती त वेगली गोष्ट होती. हिच्यासारखी शांत पोर बरोबर असंल त मी आडवा येनार नाय. दोघींना एकदम कॉल आला त खुशाल जाऊ दे. पन हिचं काय जमलं नाय."

बोलण्यात खोच नव्हती. मनालीच्या बशीत त्यांनी स्वतःच्या हाताने आणखी एक पेढा ठेवला. उन्नती वडिलांकडे बघत होती. मग तिने मनालीकडे बघितलं, आणि मनालीला कळलं की आता आपली सुटका नाही.

सुट्टीच्या दिवशी मनाली एसटीने गणेशपुरीला उतरली आणि आपल्या पाड्यावर चालत गेली. बाप, देवराम, दुसऱ्याच्या शेतावर गेला होता. आई, सखी, ओट्यावर वाल सोलत बसली होती. मनालीने निकाल सांगितला.

"न्हाय झालीस त न्हाय," सखी म्हणाली. "नोकरी हाय ना?"

"हाय."

"मंग?"

मनाली तिच्याजवळ बसून वाल सोलू लागली. पाड्यावरून शिकून नर्स झालेली ती पहिली. सखीच्या लेखी जे व्हायचं होतं ते होऊन गेलं होतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुला जायाचं हाय का पन?"

"माहीत न्हाय," मनाली म्हणाली. सखीने वालाची आणखी एक मूठ तिच्यापुढे ठेवली.

वळच्या घराच्या वरच्या खोलीत अभ्यास सुरू झाला. सकाळची शिफ्ट संपली की उन्नती तिला स्कूटीवर मागे बसवून न्यायची. खिडकीखालून गोदामाकडे जाणारे कंटेनर धडधडत जायचे आणि खिडकीच्या काचा थरथरायच्या. कमळकाकी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वर पाठवायच्या. जेवण झालं की उन्नती प्रश्न वाचायला घ्यायची.

प्रश्न बहुतेक एकाच साच्याचे होते. समोर चार पेशंट आहेत. आधी कोणाकडे जाल? किंवा पेशंटला अमुक होतंय, तर नर्सने सगळ्यात आधी काय करावं? मनालीला औषधं पाठ होती, डोस पाठ होते, रोग कळत होते. ती हुकत होती ती याच प्रश्नांना. चारांपैकी एक पर्याय 'डॉक्टरांना कळवा' असा असायचा आणि तिचं बोट तिथेच जायचं.

"रक्त चढवताना पेशंटला थंडी वाजून कापरं भरलं," उन्नती वाचायची. "आधी काय?"

"डॉक्टरांना कळवायचं."

"आणि तोवर रक्त जातच राहू दे?"

मनालीने चारही पर्याय पुन्हा वाचले.

"तू त्याच्या शेजारी उभी आहेस ना? डॉक्टर कुठे आहे, खाली ओपीडीत. फोन करायच्या आधी तुझे हात काय करू शकतात ते सांग."

"विचारल्याशिवाय बंद केलं तर मेट्रन काय म्हणेल माहीत आहे ना?"

"मेट्रन पेपर तपासणार नाही."

हे पुन्हा पुन्हा झालं. उन्नती मुळात हसरी, चहाटळ मुलगी. पण शिकवायला बसली की तिचा आवाज बदलायचा. मनाली चुकली की ती पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसायची. एकदा मनाली पाड्यावर जाऊन आली म्हणून दोन बैठका बुडाल्या, तर उन्नती तिच्याशी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये धड बोलली नाही. उन्नतीसाठी एक स्थळ येऊन गेल्याचं कमळकाकींनी मनालीच्या कानावर घातलं. मुलगा कल्याणचा होता, ट्रान्सपोर्टचा धंदा होता. केसरीनाथांना पसंत होता, पण ते घाई करत नव्हते. मनाली पुन्हा नापास झाली की आपोआप सगळं मार्गी लागणार होतं.

त्या दिवशी मनालीचे एकामागून एक प्रश्न चुकले. उन्नतीने पेन टेबलावर टाकलं.

"तू मुद्दाम करतेस का?"

मनालीला राग यायला वेळ लागायचा. या वेळी तो आला. "तू मला शिकवतेस कोणासाठी?" तिने विचारलं. "माझ्यासाठी की तुझ्यासाठी?"

उन्नतीने टाकलेलं पेन परत उचललं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "तू पास नाही झालीस तर मी इथेच राहणार. मला दुसरं काही सुचत नाही."

खालून एक कंटेनर गेला. मनाली त्याच्या आवाजापाठोपाठ काचांचा आवाज थांबेपर्यंत बसून राहिली. तिला वाटलं होतं की उन्नती 'तुझ्यासाठी गं' असं काहीतरी म्हणेल, आणि तसं ती म्हणाली असती तर मनाली उठून गेली असती. खरं ऐकल्यावर उठायला कारण उरलं नाही.

"मग आधीच सांगायचं होतंस," ती म्हणाली. "पुढचा प्रश्न वाच."

त्यानंतर दोघींचं जास्त बरं जमलं. मनाली चुकली तर उन्नती चिडायची, मनालीही उलट बोलायची. कधीकधी मनाली मुद्दाम विचारायची, "कल्याणवाल्याचा काय निरोप?" आणि उन्नती तिला पुस्तक फेकून मारायची.

परीक्षेला थोडे दिवस राहिले असताना मनालीच्या वॉर्डात चांगदेव नावाचा माणूस दाखल झाला. सायझिंगमध्ये, सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला होता आणि मूळव्याधीतून महिनोन्महिने रक्त गेल्याने पांढराफटक पडला होता. दुपारी त्याला रक्ताची पिशवी लावली. मनाली त्याच्याजवळ बसून नाडी बघत होती. पिशवी जराशीच गेली असेल, तेवढ्यात तो म्हणाला, "सिस्टर, पंखा बंद करा. थंडी वाजतेय."

पंखा बंदच होता. मनालीने त्याच्या छातीकडे पाहिलं. पुरळ उठायला लागलं होतं, दातांवर दात आपटत होते. तिचा एक हात सवयीने फोनकडे गेला. दुसऱ्या हाताने तिने नळीचा चाप ओढून रक्त बंद केलं. मग तिने नळी बदलून सलाईन चालू केलं, बीपी बघितलं आणि त्यानंतरच फोन लावला.

ड्युटीवरचे डॉक्टर वर आले. त्यांनी पेशंट तपासला, इंजेक्शन सांगितलं. "रक्त कधी बंद केलं?"

"कापरं भरल्या भरल्या. तुम्हाला फोन करायच्या आधी."

"बरोबर केलंत. पिशवी फेकू नका, ब्लड बँकेला परत पाठवायची आहे," ते म्हणाले आणि इंजेक्शन देऊन झाल्यावर पेशंटशेजारी खुर्ची ओढून बसले. संध्याकाळपर्यंत चांगदेवचा ताप उतरला. मेट्रनने विचारपूस केली, नोंद वाचली आणि सही केली. ओरडलं कोणीच नाही. बसने भाड्याच्या खोलीवर जाताना मनालीच्या लक्षात आलं की आपण इतकी वर्षं ज्या ओरडण्याला भ्यायलो, तसं बहुतेक वेळा कोणी ओरडलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी ती परीक्षेला एकटी गेली. उन्नतीला रजा मिळाली नाही. मुंबईतल्या त्या केंद्रात पाकीट, घड्याळ, केसांच्या पिनासुद्धा बाहेर काढून ठेवायला लावल्या. आत थंडगार खोलीत रांगेने कॉम्प्युटर होते. 'आधी काय' विचारणारे बरेच प्रश्न आले. काहींना ती अडली, दोन-तीन तर तिने चक्क अंदाजाने ठोकले. पण बाहेर आल्यावर तिला भूक लागली होती. पहिल्या वेळी तिला घास गिळवला नव्हता.

ती पास झाली. या वेळी जिना ती चढून गेली. उन्नतीने आयसीयूच्या दारातच तिला मिठी मारली आणि आतून एका नातेवाइकाने "सिस्टर, सलाईन खत्म हो गया" म्हणून हाक मारेपर्यंत सोडलं नाही.

केसरीनाथांनी शब्द फिरवला नाही. चारचौघांत बोललेलं फिरवण्यातले ते नव्हते. दोन दिवसांनी त्यांनी कल्याणच्या लोकांना नकाराचा निरोप पाठवला. एजन्सीच्या मुलाखती झाल्या. दोघींनाही नोकरी मिळाली, पण हॉस्पिटलं वेगवेगळी होती. शहरंही वेगळी आणि एकमेकांपासून लांब.

"बाबांना सांगू नकोस," उन्नती म्हणाली. "तिथे गेल्यावर मी सांगेन."

मनाली पिशवी खांद्याला लावून उभी राहिली. आता तिलाही जायचं होतं, हे तिचं तिला मुलाखतीच्या दिवशी कळलं होतं. नाव पुकारलं जाईपर्यंत तिने आपले कागद तीन-चारदा तपासून पाहिले होते.

कागदपत्रांच्या कामासाठी केसरीनाथ दोघींना आपल्या गाडीने घेऊन गेले. उन्नती झेरॉक्स काढायला उतरली तेव्हा गाडीत ते आणि मागे मनाली एवढेच उरले.

"पोरी, एका खोलीत राहाल ना दोघी?" त्यांनी आरशातून विचारलं. "ती उतावली हाय. तू जरा ध्यान ठेव."

मनालीने खिडकीतून पाहिलं. उन्नती दुकानात पाठमोरी उभी होती.

"काका, आम्ही एका ठिकाणी नाही," ती म्हणाली. "माझं हॉस्पिटल दुसऱ्या शहरात आहे. लांब आहे."

केसरीनाथांनी चालू गाडी बंद केली. मागून रिक्षावाला हॉर्न देत होता, त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"तिनं सांगू नको म्हनून सांगितलं असंल."

"हो."

"मंग तू कोनासंगती राहनार तिकडं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मनालीला आजवर कोणी विचारला नव्हता. "हॉस्पिटलचं होस्टेल आहे," ती म्हणाली. "ओळखीचं कोणी नाही."

"तुज्या बापाला म्हाईत हाय?"

"आहे. त्याने सांगितलं, जा."

केसरीनाथांनी आरशात तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. उन्नती झेरॉक्स घेऊन आली, दार उघडून बसली आणि दोघांचे चेहरे बघून काय ते समजली. वळच्या फाट्यापर्यंत उन्नती मनालीकडे एकदाही वळली नाही. फाट्यावर मनाली उतरायला लागली तेव्हा केसरीनाथ म्हणाले, "बस. तुज्या खोलीवर सोडतो," आणि मग मुलीला, "हिच्या वडलांना मोबाइल नंबर दे माझा. दोन पोरी दोन गावांना, घरच्यांनी तरी एकमेकांना फोन केला पायजे."

उन्नती हिवाळ्यात गेली. गाडीतल्या त्या दिवसानंतर पंधरा-वीस दिवस ती मनालीशी बोलली नव्हती, पण विमानतळावरून तिनेच फोन केला आणि सामान जास्त झाल्याची तक्रार सांगत बसली. मनालीच्या पासपोर्टवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते दुरुस्त होईपर्यंत होळी झाली. तोवर ती जनरल वॉर्डातच ड्युटी करत राहिली आणि नव्या आलेल्या दोन मुलींना रक्त कसं लावायचं ते शिकवलं. जायच्या आदल्या आठवड्यात ती पाड्यावर राहायला गेली. सखीने तिच्यासाठी सुकवलेले बोंबील आणि तांदळाचं पीठ बांधून ठेवलं होतं.

"तिकडं हे मिलत न्हाय ना?"

"मिलत असंल," मनाली म्हणाली.

"मिलू दे," सखी म्हणाली आणि पिशवीला आणखी एक गाठ मारली.