शिवू नको

पोरीने पाणी घेतलं नाही. पार्वतीबाई पेला पुढे धरून दारात उभ्या होत्या आणि करिष्मा, त्यांची सख्खी नात, भिंतीला पाठ घासत, अंग चोरून त्यांच्या बाजूने निघाली. गेला महिनाभर हेच. कॉलेजातून आली की आधी न्हाणी. आजीच्या ताटातला घास नाही, आजीच्या पांघरुणात शिरणं नाही. प्रयोगशाळेतला तिचा पांढरा कोट काळ्या पिशवीत गाठ मारून घरी यायचा आणि ती एकटीच तो धुवायची.

"पाणी तं घे वं."

"ठेव तिथंच. मले शिवू नको, आजी."

शिवू. हा शब्द या घरात कोणी काढत नसे. त्यांची आई परक्यांच्या अंगणात उकिडवी बसायची आणि वरून ओतलेलं पाणी ओंजळीत झेलायची. छप्पन साली बापाने चिमुकल्या पार्वतीला खांद्यावर घेऊन दीक्षेच्या मैदानात नेलं, ते यातून सुटायला. आणि आता ही!

"लय शिकली पोट्टी," न्हाणीच्या दाराशी त्या मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या. "आजीचा विटाळ व्हायले लागला तिले!"

पार्वतीबाईंनी पेला खाली ठेवला आणि दाराबाहेर पडलेली काळी पिशवी उचलली. तिच्यासमोर तिचा कोट हाताने चोळून दाखवायचा, मग पाहू काय करते. त्यांनी गाठ सोडायला घेतली.

न्हाणीचं दार धाडकन उघडलं. कसाबसा गाऊन अडकवलेल्या, कानांना साबण लागलेल्या करिष्माने पिशवी हिसकली.

"हात लावला का आत? सांग ना वं, लावला का?"

किळस असती तर पार्वतीबाईंकडे उत्तर तयार होतं. पण पोरीच्या डोळ्यांत भीती होती.

"नाही लावला. काय हाय त्यात, नाग?"

करिष्मा तिथेच ओल्या फरशीवर बसली. "कोटावर पावडर उडली असंन, तुले लागंन म्हणून भेव वाटते. उंदराले शुगर व्हावी म्हणून पाण्यात मिसळून टोचतो आम्ही ती."

"शुगर जावी म्हणून."

"व्हावी म्हणून, आजी. आधी शुगर करतो, मग नवं औषध देऊन पाहतो."

पार्वतीबाईंना स्वतःला शुगर होती. नात माझ्यासाठी औषध शोधून राहिली, असं त्यांनी सगळ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं.

"म्हणजे धडधाकट उंदराले तू बिमार पाडते? अन् मले सांगते, तुह्यासाठी करतो म्हणून?"

"दोन्ही खरं हाय."

दोन्ही खरं कसं असेल? पार्वतीबाईंनी पेला उचलला, परत खाली ठेवला.

"काम झालं की उंदीर मारून टाकतो," करिष्मा सांगत होती. "यावेळी काही मारायचे राहिले. बरेच महिने जगले. मस्त खात होते. मग एक उघडून पाहिला, तं किडनीत गाठ. दुसऱ्याच्याही."

"शुगरची गाठ?"

"पावडरीची. सर म्हणते, हे पहिलेपासून माहीत हाय, पुस्तकात हाय. आपण तेवढे दिवस उंदीर ठेवतच नाही, म्हणून दिसत नाही."

"माहीत हाय तं वापरता काहून?"

करिष्मा उजवं मनगट डाव्या हाताने झाकून बसली होती. पार्वतीबाईंनी ते आत्ता पाहिलं.

"तिथं काय झालं?"

"काही नाही. ग्लोव्ह फाटला होता, थोडी सांडली. धुतलं लगेच."

"कधी?"

"मागच्या महिन्यात."

"डॉक्टर?"

"म्हणते, उंदराले टोचतो ते वेगळं, एवढ्यानं काही होत नाही." तिने नाक पुसलं. "असंन बी. पण तो उंदीरही मस्तच दिसत होता ना वं."

पार्वतीबाईंनी ते मनगट ओढून घेतलं. करिष्मा मागे सरकली, पण म्हातारीची पकड पक्की होती. त्या अंगठ्याने कातडी दाबून पाहू लागल्या, वर, खाली, हाडाच्या कडेने. काय शोधायचं ते त्यांना माहीत नव्हतं. पावडर काय, शुगर काय, कोणतं औषध आणि कोणतं विष, सगळं एकात एक गुंतलं होतं. हाताला लागली ती फक्त नाडी, भराभर चालणारी.

त्यांनी पेला तिच्या ओठांना लावला. ती अर्धं प्यायली. उरलेलं पार्वतीबाई स्वतः प्यायल्या, शेवटच्या घोटापर्यंत, तिच्याकडे बघत.

"येडी हायेस तू," त्या म्हणाल्या. "शिवाशिव पाळाची तं त्या पावडरीची पाळ, तिकडंच. माही पाळशीन, तं याद राख."