चालताना बोलायचं नाही

“चालताना बोलायचं नाही. दरीत शिरलात की तोंडाला कुलूप!” चौथ्या दिवशीही सॅक पाठीवर चढवता चढवता वाटाड्याने तंबी दिली. रिटायर्ड नर्सबाई आणि तिचा नवरा गालात हसले. त्यांना हे रानातल्या माणसाचं शहाणपण वाटतंय, असं तो समजायचा.

कसलं शहाणपण नि कसलं काय! दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा कान गेला होता, डावा निम्मा उरला होता. बहिरा वाटाड्या कोण घेईल? झाकली मूठ सव्वा लाखाची. बायकोलासुद्धा त्याने पत्ता लागू दिला नव्हता. ती म्हणायची, म्हातारा तिरसट झालाय. कुणी काही विचारलं की तो ओठांकडे बघायचा, आणि नाही कळलं तर “हो हो” म्हणून मोकळा व्हायचा.

दुपारी शेवटची नदी आली. ती ओलांडली की पलीकडे गाडीरस्ता. वर डोंगरात पाऊस झाला होता. पाणी गढूळ, पण गुडघाभरच. असं पाणी डोळ्यांना फसवतं. म्हणून या खोऱ्यातले वाटाडे काठावर उकिडवे बसून कान लावतात. तळातले दगड खडखडायला लागले की लोंढा जवळ आला, उतरायचं नाही. तोही बसला, सवयीने डोळे मिटले. सगळं शांत होतं. मेल्या, तुला तर सदाच शांत, असं मन म्हणालं. पण गुडघाभर पाण्याला काय भ्यायचं?

तो उठला तेव्हा नर्सबाई काहीतरी विचारत होती. रेनकोटच्या टोपीत ओठ नीट दिसले नाहीत.

“हो हो,” तो म्हणाला, “चला.”

नवरा अजून काठावरच होता. दोघं मधोमध पोचली आणि लोंढा आला. वाटाड्याने हात टाकला. सॅकचा पट्टा बोटांत आला आणि निसटला. तो स्वतः कसाबसा मागच्या काठाला लागला. दोघे पुरुष काठाकाठाने धावले. वळणावरच्या खडकात सॅक अडकली होती. नुसती सॅक.

“खडखड ऐकू येतेय, चालेल ना, असं विचारलं तिने! तुम्ही हो म्हणालात!” नवऱ्याने दोनदा ओरडून सांगितलं तेव्हा त्याला कळलं.

“मला ऐकू येत नाही,” वाटाड्या म्हणाला. “दोन वर्षं झाली. मी मारलं त्यांना.”

 नवऱ्याने वाटाड्याला दंड धरून जवळ ओढलं आणि त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेलं.

“तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणाली, काकांचा डावा कान तेवढा चालतो, त्या बाजूने चालत जा. आणि कुठे बोलू नकोस, माणसाच्या पोटावर पाय येईल. म्हणून मीही गप्प बसलो.”