गुरुवारचे दोन चमचे

एकतीस वर्षं मी पोहण्याच्या तलावाचं पाणी सांभाळलं. सार्वजनिक तलाव, दिवसाला चारशे माणसं, त्यातली निम्मी अंघोळ न करता उडी मारणारी. तिथे मला सगळे 'नाक' म्हणायचे. पाणी बिघडलंय का हे तपासायला साहेबांनी महागाचं यंत्र आणलं होतं, पण मी काठावर उभा राहून एकदा श्वास घेतला की सांगायचो, आणि यंत्र मागाहून माझ्या हो ला हो मिळवायचं. ही फुशारकी आहे, मला कळतं. पण सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही.

माझी बायको मात्र क्लोरीनच्या नावानं जन्मभर नाक मुरडत आली. माझे कामाचे कपडे घरात येत नसत. मागच्या दाराबाहेर त्यांच्यासाठी वेगळी खुंटी होती. मुलगी तान्ही असताना दोनदा साबण लावून हात धुतल्याशिवाय मला तिला उचलता यायचं नाही. "तुमच्या आधी तुमचा वास घरात येतो," असं ती म्हणायची आणि खिडकी उघडायची.

निवृत्त झालो आणि खुर्चीत बसलो. बसलो म्हणजे बसलोच. पेपर उलटा धरला तरी चाललं असतं. त्याच वर्षी बायकोचे गुडघे धरले. जिना चढताना ती कठड्याला हात लावून एकेका पायरीशी वाटाघाटी करायची. डॉक्टर म्हणाले, रोज वीस मिनिटं गरम पाण्यात बसवा. मग मुलीनं आणि मी मिळून घरात टब बसवायचं ठरवलं. मागच्या काचेच्या खोलीत कुंड्या होत्या, त्या हलवल्या आणि तिथे चार माणसं बसतील एवढा मोठा टब आला. पाणी गरम ठेवणारा, बुडबुडे सोडणारा, वर जाड झाकण असलेला.

पाणी शुद्ध ठेवायला काय वापरायचं, हे ठरवायला बायको आणि मी दुकानात गेलो. दुकानवाली मुलीच्याच वयाची, चष्मा कपाळावर चढवलेला.

"काका, दोन पर्याय आहेत," ती म्हणाली. "क्लोरीन लवकर काम करतं, पण गरम पाण्यात टिकत नाही, उडून जातं. रोज तपासून रोज टाकावं लागतं. ब्रोमीनच्या गोळ्या या तरंगत्या डबीत घालायच्या, त्या हळूहळू विरघळतात. आठवड्यातून दोनदा बघितलं तरी पुरतं. वासही कमी. तुमच्यासाठी मी ब्रोमीनच सुचवेन."

"तुमच्यासाठी म्हणजे?"

"म्हणजे... ज्यांना फार कटकट नको असते त्यांच्यासाठी."

माझं डोकं फिरलं. एकतीस वर्षं पाण्यात घालवलेल्या माणसाला ही कालची पोर डबी दाखवत होती. मी तिला क्लोरीनवर एक व्याख्यान दिलं. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळली होती, तीही ऐकत होती. ती पोर बिचारी निमूटपणे मान हलवत राहिली.

बायको स्टुलावर बसून होती. माझं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "रोज बघावं लागतं ते कुठलं म्हणालीस?"

"क्लोरीन, काकू."

"मग तेच दे."

मला केवढा आनंद झाला! वाटलं, जन्मात एकदा तरी बायकोनं माझी बाजू घेतली.

दुसऱ्या दिवसापासून मी माणसात आलो. सकाळी सहाला उठून पाण्याचा नमुना घ्यायचा, कागदाची पट्टी बुडवायची, रंग ताडून बघायचा, पावडर मोजून टाकायची, वहीत लिहायचं. माझी शिट्टीसुद्धा परत आली. पट्टीवर पाण्यात किती क्लोरीन आहे ते कळतं. पण माणसाच्या घामाशी झटापट करून थकलेलं क्लोरीन पाण्यात साचतं, तोच तो डोळे झोंबवणारा वास. आमची घरगुती पट्टी ते सांगत नाही. ते नाक सांगतं.

आणि इथेच माझी चोरी होती. माझं नाक मेलं होतं. निवृत्तीच्या आधी दोन वर्षं हळूहळू जात जात ते पुरतं गेलं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. शेवटची दोन वर्षं तलावावर मी यंत्राकडे चोरून बघत होतो आणि मग मोठ्यानं श्वास घेत होतो.

म्हणून वासाचं काम मी बायकोवर सोपवलं. ती पाण्यात उतरली की मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, "वास येतो का गं?"

दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "येतोय थोडा."

"काहीतरीच! तुझं नाक जन्मभर क्लोरीनच्या नावानं बोंबलतंय. नसलेला वासही तुला येतो."

तिचे डोळे लाल झाले होते. ती उठून गेल्यावर मी पाण्याला तोंड लावेपर्यंत वाकलो आणि श्वास घेतला. काही नाही. गरम वाफ आणि दुसरं काही नाही. मी कपाटातला पावडरीचा डबा उघडून हुंगला. तिथेही काही नाही. त्या दिवशी मी जेवायला उठलो नाही. काचेच्या खोलीत स्टुलावर बसून राहिलो. ती दोनदा दारात येऊन बघून गेली. तिला काय कळलं, किती कळलं, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी खालमानेनं विचारलं, "वास?"

"नाही," ती म्हणाली. "छान आहे पाणी. काल माझंच डोकं दुखत होतं."

त्यानंतर आठ महिने रोज हाच प्रश्न आणि हेच उत्तर. नाही. छान आहे. तिचे डोळेही पुन्हा लाल झाले नाहीत. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, नाक गेलं तर गेलं, हात अजून शाबूत आहेत.

गुरुवारी दुपारी मी जुन्या सहकाऱ्यांकडे पत्ते खेळायला जायचो. मी आळस केला तर तीच मला हाकलायची. "जा, तुमची वाट बघत असतील. घरात बसून माझं डोकं खाऊ नका." आणि दर गुरुवारी परत आलो की टबाचं झाकण उघडं दिसायचं, खिडकी सताड उघडी, पाणी गार होत चाललेलं.

"किती वेळा सांगायचं? झाकण उघडं टाकू नकोस! गरम करायला विजेचं बिल कोण भरतं?"

"विसरले हो."

"दर गुरुवारी बरं विसरतेस!"

"वय झालं आता माझं," असं म्हणून ती हसायची. एकदा तर मी तिला पाहुण्यांसमोर वेंधळी म्हणालो. त्याही वेळी ती हसलीच.

थंडी सरता सरता ती गेली. गुडघ्यांचं निमित्तही नव्हतं, हृदय थांबलं. सकाळी टबातून बाहेर आली, केस पुसले, खुर्चीत बसली आणि मान कलली. मी पंचा घेऊन उभा होतो.

त्यानंतर दोन महिने मी टब बंद केला नाही. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, आता कशाला?" मी म्हणायचो, "यंत्र बंद ठेवलं की खराब होतं." खोटं होतं ते. ते पाणी तिच्या अंगाला लागलेलं होतं. मी रोज सहाला उठायचो, पट्टी बुडवायचो, पावडर टाकायचो, वहीत लिहायचो. संध्याकाळी वीस मिनिटं स्वतःच त्यात बसायचो, तिच्या जागेवर. पाणी बदलायची तारीख उलटून गेली तरी बदललं नाही. आकडे सगळे बरोबर होते.

मुलगी पंधरा दिवस राहायला आली. पिशवी ठेवून काचेच्या खोलीत शिरली ती ओढणी नाकाला लावूनच बाहेर आली. डोळ्यांत पाणी.

"बाबा, केवढा वास! श्वास घेता येत नाही. तुम्हाला येत नाही का?"

मी वही पुढे केली. तिनं वहीकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"आई असताना मी दोनदा आले, तेव्हा कधी वास नव्हता," ती म्हणाली.

ते मला सुईसारखं टोचलं. तेच क्लोरीन, तीच मापं, तोच मी. मग बदललं काय? मी चप्पल घातली आणि दुकानात गेलो. मालात खोट आहे म्हणून भांडायचंच ठरवून गेलो होतो.

दुकानवालीनं मला ओळखलं. मी डबा टेबलावर आपटला आणि वासाचं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "काका, डब्यात काही खोट नाही. काकूंचं पाकीट संपलं असेल."

"कसलं पाकीट?"

ती चपापली. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला. "काकू नाही आल्या का बरोबर?"

मी सांगितलं. तिनं मला स्टूल दिलं, तेच स्टूल, आणि सांगायला लागली.

टब बसवल्यावर तिसऱ्या आठवड्यात बायको एकटी आली होती. बसनं. त्या गुडघ्यांनी. वास येतोय, काय करू, असं तिनं विचारलं. दुकानवाली म्हणाली, पाणी काढून टाका आणि ब्रोमीनवर या. तर ती म्हणाली, "ते नको. मग सकाळी उठून ते करतील काय?" मग दुकानवालीनं तिला एक पावडर दिली, साचलेला वास तोडणारी. आठवड्यातून एकदा, दोन चमचे.

"त्यांना कळायला नको, असं म्हणाल्या. ते गुरुवारी दुपारी घरी नसतात, तेव्हा टाकेन म्हणाल्या." दुकानवालीनं डोळे पुसले. "झाकण आणि खिडकी अर्धा तास उघडी ठेवा, असं मीच बजावलं होतं. दर दोन महिन्यांनी येऊन पाकीट न्यायच्या."

मी तिथे रडलो. गिऱ्हाइकं होती, तरी रडलो. आठ महिने पाणी मी सांभाळत नव्हतो. ती सांभाळत होती, आणि वर माझ्या शिव्या खात होती.

"हे पाणी आता काढूनच टाकावं लागेल, काका," ती हळूच म्हणाली. "नवीन भरल्यावर काय देऊ? ब्रोमीन?"

"क्लोरीनच दे," मी म्हणालो. "आणि तिचं पाकीट."

पाणी काढायला अडीच तास लागले. नळी बागेत सोडली होती. मी कुठेही गेलो नाही, शेवटचा थेंब जाईपर्यंत तिथेच उभा राहिलो. मुलगी माझा दंड धरून उभी होती.

मग नवीन पाणी भरलं. रोज मुलगी तिच्या आईच्या जागेवर बसायची. गुरुवारी दुपारी मी पत्ते खेळायला गेलो नाही. दोन चमचे मोजून टाकले, खिडकी उघडली, झाकण उघडं ठेवलं आणि घड्याळ लावून अर्धा तास स्टुलावर बसलो. मग मुलीला हाक मारली.

"वास येतो का गं?"

ती टबापाशी आली, वाकली, माझ्याकडे बघून हसली.

"नाही बाबा. छान आहे पाणी."

ती खरं सांगत होती की तिच्या आईसारखं, हे मला कळायला काही मार्ग नव्हता.