खिडकीखालचे वळण

देवदत्त त्रिलोकेकर गॅलरीत उकिडवे बसले आणि मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हवर त्यांनी नखाने दाब दिला. हवा फुसफुसत बाहेर आली. आत त्यांच्या पत्नी यशोदाबाई झोपल्या होत्या, म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने तो आवाज झाकायचा प्रयत्न केला. टायर अंगठ्याखाली किंचित दबेल इतकीच हवा ठेवायची, असे सायकल दुरुस्त करणारा ओनील सांगत असे. चाकाला माती कळली पाहिजे. ओनीलची आठवण निघाली तसे त्याचे पत्रही आठवले. जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्रांच्या खाली, ते महिनाभर पडून होते. उत्तर लिहायला देवदत्त दोनदा बसले होते आणि दोन्ही वेळा 'प्रिय' या शब्दापुढे पेन सरकले नव्हते. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेल्या माणसाला आलेल्या पत्राचे उत्तर न देणे फार जड जाते. ते जडपण त्यांनी महिनाभर सोसले होते.

सायकल खरे तर त्यांची नव्हती. मुलगा निलेश कॅनडाला गेला तेव्हा ती मागे राहिली. जाड टायरची, डोंगरावर चालवायची सायकल, शिवाजी पार्कच्या सपाट रस्त्यांवर उगीच आडदांड दिसणारी. गेल्या वर्षी तिचे पंक्चर काढायला ते माहीमला ओनीलच्या दुकानात गेले होते. ओनील कुणा गिऱ्हाइकाची सायकल चालवून बघत परत येत होता. गल्लीच्या तोंडाशी रस्त्याच्या कामाची बारीक खडी पसरलेली होती. तिथे वेग जवळजवळ न मोडता त्याने सायकल कलती केली. मागचे चाक फरफटत बाहेर गेले, अर्धवर्तुळ फिरले, आणि सायकल दुकानासमोर अलगद येऊन थांबली. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस. उतरल्या उतरल्या तो पाना शोधू लागला.

"हे शिकता येतं?" देवदत्तांनी विचारले. विचारल्यावर त्यांचे त्यांनाच आश्चर्य वाटले.

"ड्रिफ्ट? कोणाला शिकायचंय, नातवाला?"

"नाही. मला."

ओनील हसला नाही. तेवढ्यावरून देवदत्तांनी त्याच्यावर विश्वास टाकला.

परळला एका बंद गोदामाचे आवार होते. रखवालदार बुधाजी ओनीलच्या ओळखीचा. आवारात मुरूम टाकलेला होता, आणि गोदामाच्या कोपऱ्याला वळसा घेतला की समोर फाटक येई. सुटीच्या दिवशी सकाळी दोघे तिथे जाऊ लागले.

"इथं कुणी बघणार नाही ना?" पहिल्याच दिवशी देवदत्तांनी विचारले.

"कोण बघतंय सर? मी आणि कबुतरं. मी पण पाठ करून उभा राहतो, मग तर झालं? टायरच्या आवाजावरून सांगतो काय चुकलं ते."

आणि तो खरोखरच पाठ करून उभा राही. भिंतीकडे तोंड, हात मागे बांधलेले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. तिथूनच तो बोले.

"स्पीड वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाय. बाहेरचा पाय खाली, सगळं वजन त्या पॅडलवर. मागचा ब्रेक नुसता टच करायचा आणि सोडायचा. आणि नजर जिथं जायचंय तिथं. तुम्ही बघाल तिकडंच सायकल जाते सर, तिला दुसरं काय कळत नाय."

"मागचं चाक हातातून सुटल्यासारखं वाटतं."

"सुटू द्या की. सुटून जातं कुठं? तुमच्याच पाठी येणार."

देवदत्त पडत. मुरूम झटकून पुन्हा चढत. आयुष्यात त्यांनी कुठलीही गोष्ट लोकांसमोर केली नव्हती. सभेत प्रश्न विचारला नव्हता, लग्नात फोटोसाठी पुढे आले नव्हते. आता वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी ते एका माणसाच्या पाठीसमोर पडत होते, आणि त्यात त्यांना विलक्षण मोकळे वाटत होते. घरी ते पार्कात फेऱ्या मारायला जातो म्हणून सांगत आणि खरचटलेली कोपरे पूर्ण बाह्यांच्या शर्टात झाकत.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी वळणावर मागचे चाक सुटले आणि ते घाबरले नाहीत. चाक बाहेर गेले, कमरेखालून काहीतरी वाहून गेल्यासारखे झाले, आणि डोळ्यांची उघडझाप होईपर्यंत सायकल फाटकाकडे तोंड करून चालत होती.

"झालं," भिंतीकडे तोंड करून ओनील म्हणाला. "सर, हे झालं."

"नक्की? तू पाहिलं कुठे?"

"ऐकलं ना. एकदम मक्खन."

देवदत्तांना कशाचीच खात्री नसे. परीक्षेचा निकाल हातात आल्यावरही ते क्रमांक पुन्हा पडताळत. पण त्या दिवशी परळहून परतताना त्यांनी काही पडताळले नाही. जमले होते.

नोव्हेंबरात ओनीलच्या आईचा, पॉलीनबाईंचा, ऐंशीवा वाढदिवस आला. ओनीलने देवदत्त आणि यशोदाबाईंना बोलावले. माहीमच्या त्या घरात खुर्च्यांपेक्षा माणसे जास्त होती. फुग्यांची, म्हणजे तळलेल्या गोल पावांची, परात फिरत होती. जेवणे झाल्यावर ओनीलचा पुतण्या गॅविन, जो लग्नांचे व्हिडिओ काढत असे, त्याने टीव्हीला काहीतरी जोडले.

"बसा, बसा. आता पडलेल्यांचा नंबर," वेन्डी म्हणाली. ती ओनीलची बायको.

पडद्यावर आधी अँथनीकाका आले. होडीतून उतरताना खाडीच्या चिखलात बसले. सगळ्यांत मोठ्याने अँथनीकाकाच हसले. मग केकचा ट्रे घेऊन पायरी चुकलेली वेन्डी. मग एक आवार दिसले, उंचावरून, आणि हेल्मेट घातलेला एक काटकुळा माणूस सायकलवरून कोपऱ्याकडे येताना. स्वतःची पाठ ओळखायला देवदत्तांना जरा वेळ लागला. कोपऱ्यातल्या भिंतीशी पाठमोरा ओनीलही दिसत होता.

तो माणूस पडला. गॅविनने व्हिडिओत घातलेली बॅण्डची झांज वाजली. पुन्हा पडला, पुन्हा झांज.

"हा कोण रे, गोणीसारका परतो?" पॉलीनबाईंनी विचारले.

"सर हाय ते, मम्मी. हे काय, तुझ्या बाजूला बसलेत."

"अरे द्येवा. लागला नाय ना रे तुला, बाबा?"

खोली हसण्याने भरून गेली. कुणी देवदत्तांच्या पाठीवर थाप मारली, कुणी त्यांचा ग्लास भरला. देवदत्तही हसले. हसायला हवे होते. हसता हसता त्यांची नजर समोर बसलेल्या यशोदाबाईंकडे गेली. पडद्यावरची सायकल अजून सरळ चालली होती, कोपरा लांब होता, आणि यशोदाबाईंनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला होता. मग सायकल घसरली. पुढच्या वेळी देवदत्तांनी पडद्याकडे पाहिलेच नाही, बायकोकडे पाहिले. आधी पदर, मग झांज.

हात धुवून येतो, असे म्हणून ते उठले आणि मागच्या जिन्याने उतरून चालत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोदाबाईंनी त्यांच्यासमोर चहा ठेवला.

"मीच ओनीलला फोन केला होता," त्या म्हणाल्या. "म्हटलं, हे कुठं हातपाय मोडून बसतील. मला दर वेळी दाखवत जा, धड आहेत एवढं. तो म्हणाला, मी तर पाठ करून उभा असतो, गॅविनला वर खिडकीत बसवतो, तो व्हिडिओ काढेल."

"मी पार्कात जात नाही, हे तुला माहीत होतं?"

"अहो, पार्कात फेऱ्या मारून कुणाच्या पाठीला मुरूम लागतो?"

देवदत्तांनी बशीत चहा ओतला आणि तो तसाच निवू दिला.

"शेवटी जमलं होतं तुम्हाला. ते बघायच्या आधीच उठलात. हे घ्या, बघा." त्यांनी फोन पुढे केला.

"ठेव तो."

ओनीलचे फोन त्यांनी घेतले नाहीत, तेव्हा पत्र आले. दुकानाच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर, मोठ्या अक्षरांत. 'सर, आमच्या घरात जो आपला असतो त्याचंच पडलेलं दाखवतात. परक्या माणसाचं कोण दाखवतंय? तरी चुकलं माझं, आधी सांगायला पाहिजे होतं. पण शेवटी जमलंय तुमचं. मम्मीची शपथ.'

देवदत्तांना शपथेचेच हसू आले होते. भिंतीकडे तोंड करून 'मी बघत नाही' म्हणणारा माणूस खोटे बोलला नव्हता. तो खरेच बघत नव्हता. ज्याने एवढे व्यवस्थित खरे बोलून फसवले, त्याच्या 'झालं' या शब्दाचे आता काय करायचे? बायकोनेही तेच सांगितले, पण तीही खिडकीतलीच. फोनमध्ये सगळे होते, हे त्यांना कळत होते. मात्र ते पाहायचे तर त्याच खिडकीत जाऊन बसावे लागणार होते. तेव्हा त्या रविवारी वळण जमले होते की नाही, हे जगात फक्त त्यांनाच ठाऊक नव्हते.

म्हणून आज ते एकटेच निघाले होते.

परळला पोचले तेव्हा बुधाजी फाटकाची साखळी नुसती अडकवून चहाला गेला होता. देवदत्तांनी सायकल भिंतीला टेकवली आणि आधी ते गोदामाचा लोखंडी जिना चढून वर गेले. खिडकीपाशी प्लास्टिकची खुर्ची होती. तिच्या पाठीला एक उशी सुतळीने बांधलेली. खाली वेफर्सची रिकामी पाकिटे, आणि गज पुसायला वापरलेले फडके. बसणाऱ्याने आपली चांगली सोय करून घेतली होती. देवदत्त खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी उभ्यानेच खाली पाहिले. कोपरा इथून अगदी लहान दिसत होता. त्यांनी खिडकी ओढून घेतली, कडी लावली आणि ते खाली आले.

पहिल्या खेपेस त्यांनी ब्रेक फार लवकर दाबला. सायकल नुसतीच थांबली. दुसऱ्या खेपेस वेग बरोबर आला, बाहेरचा पाय खाली गेला, टायरखाली मुरूम करकरू लागला. चाक सुटणार हे त्यांना कळले. त्या क्षणी त्यांची मान वर झाली आणि नजर बंद खिडकीवर गेली. पुढचे चाक तिकडेच वळले. ते कोपरावर आपटले.

तिसऱ्या वेळी त्यांनी फाटकाकडे पाहायचे असे घोकत घोकत सायकल काढली. वळणावर आले आणि खिडकीकडेच पाहिले. चौथ्या वेळीही तेच झाले. मग ते मुरमातच थोडा वेळ बसून राहिले. वर कबुतरे गजांवर येऊन बसत होती, उडत होती. त्यांनी सायकल उचलली आणि ती हातात धरून चालत घरी आणली.

यशोदाबाईंनी दार उघडले. त्यांनी कोपराकडे पाहिले, फाटलेल्या बाहीकडे पाहिले, आणि आतून कापूस आणि औषधाची बाटली आणली.

"हात इकडे करा."

देवदत्तांनी हात पुढे केला. औषध झोंबले तसा त्यांनी श्वास ओढला.

"परळला गेला होतात?"

"हं."

"मग?"

पट्टी बांधून झाल्यावर देवदत्तांनी टेबलावरची वर्तमानपत्रे बाजूला केली, ओनीलच्या पत्रावरचा पत्ता एका पाकिटावर उतरवला आणि कागद समोर ओढला. 'प्रिय' त्यांनी गाळले.

'ओनील, आज सकाळी परळला गेलो होतो. वळण जमले. मी एकटाच होतो. देवदत्त.'

त्यांनी ते पुन्हा वाचले. ग्रंथालयात असताना नोंदवहीत चुकीचे साल पडले तरी त्यांना झोप येत नसे. आता ते मजकुराकडे शांतपणे पाहत होते. एकटाच होतो, हे तर खरे होते. शेजारचे वाक्य तेवढ्या आधाराने उभे राहिले असते.

यशोदाबाई मागे येऊन उभ्या होत्या. तिथून पत्र सहज वाचता येत होते. त्यांनी एकदा कागदाकडे आणि एकदा नुकत्याच बांधलेल्या पट्टीकडे पाहिले.

"तिकीट त्या खणात आहे," त्या म्हणाल्या.

खाली कोपऱ्यावर पोस्टाची पेटी होती. देवदत्तांनी पाकीट फटीत अर्धे सरकवले आणि तसेच धरून ठेवले. रस्त्यावर सकाळचे फिरणारे लोक परतत होते. ओळखीच्या एकाने हात वर केला. त्यांनी दुखऱ्या हाताने त्याला उत्तर दिले आणि दुसऱ्या हाताने पाकीट सोडून दिले.