झपाटा फायबरची चाळीस मिनिटं

आमच्या आष्टीकरांना एक खोड आहे, काम व्हायच्या आधीच सत्कार करायची. परतूरच्या अंगदने 'झपाटा फायबर'ची वायर गावात ओढली आणि कुणाच्या घरी नेट लागण्याआधीच शाल-श्रीफळ घेऊन मोकळा झाला. शाल त्याला मीच पांघरवली, निवृत्त शिक्षिका म्हणून. त्याची मला अजून लाज वाटते.

तीनशे एमबीपीएसचं स्पीड म्हणाला होता. आमच्याकडे नुसतं चक्र फिरायचं. तक्रार केली की त्याचा माणूस कल्याण फोन करायचा, "बाई, निघूनच राह्यलो, जल्दी ओटीपी सांगा." ओटीपी सांगितला की मेसेज यायचा, तक्रार निवारण झाले, धन्यवाद. माणूस काही यायचा नाही. असं चारदा झालं. आणि म्हणे मी जन्मभर पोरांना शहाणपण शिकवलं!

बुधवारी संध्याकाळी नेट पुन्हा मेलं. गुरुवारी अकराला माझ्या मुलीची, अक्षताची, पुण्याच्या कंपनीत ऑनलाइन मुलाखत होती. दोन वर्षं अर्ज करून आलेलं हे पहिलं बोलावणं. आमच्या गल्लीत मोबाइलला रेंज नावापुरतीच. सकाळी पोरीला लॅपटॉपसकट एसटीत घातलं आणि थेट परतूरला अंगदच्या ऑफिसात नेलं.

"तुझ्या इथं तर नेट असंल ना? बसू दे तिला."

अंगदचं तोंड उतरलं. "बाई, लाइनचं काम चालू हाय..."

"मंग तुझा कॉम्प्युटर कशावर चालून राह्यला?"

अक्षताने कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकावून पाहिलं. साहेबांचा सगळा कारभार स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, आणि सिम दुसऱ्याच कंपनीचं!

"पासवर्ड सांगा," ती म्हणाली.

अकराला पाच मिनिटं कमी होती. त्याने मुकाट सांगितला.

अक्षता त्याच्या खुर्चीत बसली. रेंज फक्त खिडकीशी यायची, म्हणून अंगदला मोबाइल धरून खिडकीत उभं केलं. मुलाखत चाळीस मिनिटं चालली. तो हात बदलत उभा होता, मी त्याच्यावर नजर ठेवून. पोरगी धीटपणे बोलली, एक शब्द तुटला नाही. माझा जीव मात्र तोवर टांगणीला होता.

"आई, दुसरी फेरी सोमवारी, अकरालाच," लॅपटॉप मिटत ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मी अंगदकडे वळले. "ऐकलं ना? सोमवारी, अकराला. हाताला तेल लावून ठेव."